जुन्या चित्रकार्डांची पारख

पोस्टाचीं तिकिटें व जुनीं नाणीं जमविण्याचा छंद आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अमेरिकेंत ह्याच जातीचा आणखी एक छंद फार लोकप्रिय आहे. तो खेळाडूंचीं चित्रकार्डें जमविण्याचा. तळहातावर मावणारा हा पुठ्ठ्याचा तुकडा क्वचित् एखाद्या वाड्याहूनहि अधिक किंमतीस विकला जातो. ही किंमत येते कोठून, आणि खरें कार्ड ओळखावें कसें, ह्याचा थोडक्यांत विचार करूं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिगारेटचीं पाकिटें मऊ कागदाचीं असत. आंतील सिगारेटी चुरगळूं नयेत म्हणून त्यांत जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. पुढें व्यापाऱ्यांनीं त्यावर नटनट्यांचीं व खेळाडूंचीं चित्रें छापण्यास आरंभ केला. संच पुरा करण्याच्या ओढीनें गिऱ्हाईक पुन्हां तोच माल घेई. १९०९ ते १९११ ह्या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें काढलेला बेसबॉल खेळाडूंचा संच ह्यांत सर्वांत प्रसिद्ध होय. जेफर्सन बर्डिक नांवाच्या संग्राहकानें आपल्या सूचींत त्यास ‘टी-२०६’ ही संज्ञा दिली व तीच रूढ झाली.

ह्या संचांतील होनस वॅगनर ह्याचें कार्ड अतिशय दुर्मिळ आहे. त्याच्या हरकतीमुळें त्याची छपाई लवकरच थांबली. मुलांनीं कार्डाच्या मोहानें तंबाखू विकत घेऊं नये म्हणून त्यानें हरकत घेतली, असें कांहीं म्हणतात; मोबदल्याचा प्रश्न होता, असें दुसरे म्हणतात. आज त्याच्या पन्नास-साठ प्रतीच ज्ञात असून, २०२२ सालीं त्यांतील एक ७२ लक्ष ५० हजार डॉलरांस विकली गेली.

पारख करतांना प्रथम माप घ्यावें. ह्या संचांतील कार्ड सुमारें दीड इंच रुंद व अडीच इंचांहून किंचित् अधिक उंच असतें. माप कमी भरल्यास कडा कापल्याचा संशय घ्यावा. नंतर भिंगांतून छपाई पाहावी. जुन्या शिळाछापाचे रंग ओबडधोबड मिसळलेले दिसतात. अलीकडच्या नकलेंत एकसारख्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. चित्राखालील नांव तपकिरी शाईंत आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. शेवटीं पाठ तपासावी. वॅगनरच्या कार्डामागें ‘पीडमाँट’ किंवा ‘स्वीट कॅपोरल’ ह्या दोनच सिगारेटींची जाहिरात आढळते. तिसरें नांव दिसल्यास तें कार्ड खोटें समजावें.

किंमत तीन गोष्टींवर ठरते: दुर्मिळता, मागणी आणि स्थिति. केवळ जुनेपणा पुरेसा नाहीं. कधीं कधीं छापखान्याची चूकहि मोल वाढविते. ह्याच संचांत मॅगी नांवाच्या खेळाडूच्या नांवांतील एक अक्षर चुकलें, व तीं थोडीं कार्डें दुर्मिळ ठरलीं. उलट, १९९० सालाच्या आसपास कार्डें इतकीं विपुल छापलीं गेलीं कीं त्यांतील बहुतेकांस आज भाव नाहीं. स्थितीसाठीं चार कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे कीं नाहीं, हें पाहून दहांपैकीं गुण देतात. १९५२ सालचें मिकी मँटल ह्याचें साडेनऊ गुणांचें एक कार्ड २०२२ सालीं १ कोटि २६ लक्ष डॉलरांस गेलें.

जेथें एका गुणामागें लक्षावधि डॉलर, तेथें मोहहि तेवढाच मोठा. वॅगनरचें एक कार्ड रेखीव कडांविषयीं विख्यात होतें. १९९१ सालीं तें ४,५१,००० डॉलरांस व २००७ सालीं २८ लक्ष डॉलरांस विकलें गेलें. मात्र २०१३ सालीं त्याच्या एका माजी मालकानें न्यायालयांत कबूल केलें कीं, त्या कडा आपणच कापल्या होत्या. जो रेखीवपणा लोक काळाची कृपा समजत होते, तो कात्रीचा होता!

म्हणून ज्याच्या घरीं जुनें कार्ड, तिकीट वा चित्र असेल त्यानें तें धुऊं नये, कातरूं नये, वहींत डकवूं नये, रबराच्या पट्टीनें बांधूं नये. स्वच्छ पारदर्शक वेष्टनांत कोरड्या जागीं ठेवावें. विक्रेता किती मागतो ह्यावरून भाव ठरवूं नये. तशाच स्थितींतील वस्तु प्रत्यक्ष कितीस विकली गेली, हें पाहावें. आणि संग्रहाचा खरा लाभ पैशांतच आहे असें नाहीं. बर्डिकनें तीन लक्षांहून अधिक कागद न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दान दिले. दुमडलेल्या कोपऱ्याचें परंतु खरें कार्ड जपणें, हें कापून सुंदर केलेलें कार्ड मिरविण्यापेक्षां केव्हांहि श्रेयस्कर होय.