हिशेबाची वही – भाग ७ : ॲपमधला फंड आणि पासबुकातला फंड

मागच्या आठवड्यात पगाराच्या स्लिपवरून फंडाच्या, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या, नोंदी हिशेबाच्या ॲपमध्ये कशा करायच्या, ते पाहिलं. आता वर्षअखेरीची कुरबुर. ॲप एक शिल्लक सांगतं, पासबुक दुसरीच. अशा वेळी बहुतेक ॲपमध्ये शिल्लक जुळवून देणारं एक बटण असतं. ते दाबू नका. दाबलं की फरक दिसेनासा होतो आणि कुठून आला तेही कळत नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात २०१० पासून कामाला असलेला एखादा कामगार धरा. बेसिक आणि डीए मिळून १८,०००, फंड पूर्ण पगारावर. त्याचे १२ टक्के २,१६०, मालकाचेही २,१६०. त्याने ॲपमध्ये महिन्याला ४,३२० लिहिले. पासबुकात वाढले ३,०७०. उरलेले १,२५० पेन्शनकडे गेले. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात आणि त्यासाठी पगार १५,००० पर्यंतच धरतात. सप्टेंबर २०१४ पूर्वी ही मर्यादा ६,५०० होती, म्हणजे जुन्या वर्षांना वेगळा आकडा. पासबुकात पेन्शनचा रकाना असतो, पण तो शिलकीत मिळवायचा नाही. त्यावर व्याज चढत नाही. एवढ्या एका चुकीने वर्षाला १५,००० चा फरक पडतो. (सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच फंडात आलेला आणि तेव्हाच १५,००० वर पगार असलेला माणूस पेन्शन योजनेत येतच नाही. त्याचे सगळे पैसे फंडातच जातात.)

सोलापुरात आणखी एक गोम आहे. विडी उद्योगाला १२ नाही, १० टक्के दर लागू आहे. विडी वळणाऱ्या बाईची महिन्याची मजुरी ६,००० असेल तर तिचे ६०० आणि मालकाचेही ६००. त्यातले सुमारे ५०० पेन्शनला, म्हणजे फंडात पडतात जवळपास ७००. आईचा हिशेब मुलगा मोबाइलवर ठेवतो आणि स्वतःच्या कारखान्यातला १२ टक्क्यांचा साचा तिलाही लावतो. मग आईचे पैसे कुणीतरी खाल्ले, असं घरात बोललं जातं. आधी टक्के बघा, मग मालकाला बोल लावा.

व्याजाचं तसं सोपं आहे. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के. व्याज दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात, पण मुद्दलात मिळवतात वर्षातून एकदाच. ॲपमध्ये मासिक चक्रवाढ लावली असेल तर दोन लाखांच्या आरंभीच्या शिलकीवर १६,५०० च्या जागी १७,१३८ दिसतील. शिवाय पासबुकात व्याज उशिरा चढतं. चढलं की ॲपमध्ये ३१ मार्चचीच तारीख घाला.

मार्चचा पगार हाही नेहमीचा घोळ. त्याचा भरणा १५ एप्रिलपर्यंत होतो, म्हणून तो पासबुकात पुढच्या आर्थिक वर्षात दिसतो. ॲपमध्ये ३१ मार्चला नेमका एका महिन्याचा भरणा जास्त निघत असेल, तर निर्धास्त राहा.

नोकरी बदललेल्यांनी यूएएनखाली (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या फंडाच्या क्रमांकाखाली) प्रत्येक नोकरीचं खातं वेगळं उघडून पाहावं. जुनी रक्कम ट्रान्सफर केली नसेल तर ती जुन्याच खात्यात पडून असते.

फरक शोधायचा कसा? दोन्ही आकडे शेवटचे जुळले होते त्या ३१ मार्चवर जा आणि तिथून महिना-महिना पुढे या. बेरजा नका तपासू, पासबुकातल्या भरण्याच्या ओळी मोजा. वर्षाला बारा ओळी हव्यात. अकराच असल्या, तर तुमचं ॲप बरोबर असून पासबुक तोकडं आहे. पगारातून पैसे कापले, पण मालकाने भरलेच नाहीत, असा महिना असाच सापडतो. जुळवणीचं बटण दाबलेल्याला तो कधीच सापडत नाही. त्या महिन्याची स्लिप काढा, आधी कारखान्याच्या ऑफिसात विचारा आणि उडवाउडवी झाली तर ईपीएफओच्या (फंड सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर यूएएन, महिना आणि स्लिपसह तक्रार टाका. तक्रारीचा नोंदणी क्रमांक त्याच महिन्याच्या नोंदीखाली ॲपमध्ये लिहून ठेवा. भरणा झाला, की तो क्रमांक पुसा.