पाच लाखांत स्पोर्ट्स कार येते, पण ती सांभाळायला किती लागतात?

उसाचं बिल खात्यावर जमा झालं की बारामती-इंदापूर पट्ट्यात घराघरात हिशोब सुरू होतो. सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, ट्रॅक्टरचा हप्ता. नेमकी त्याच वेळी घरातल्या पोराच्या मोबाईलवर रील येते. लाल रंगाची जुनी पोलो जीटी आणि खाली लिहिलेलं, "सिंगल ओनर, फक्त ५ लाख. पुढे क्लासिक होणार, भाव वाढणार."

पोराचं म्हणणं असतं की हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. खरंच तसं आहे का? हिशोब करून बघू.

गाड्या कुठल्या?

खरी दोन दारांची स्पोर्ट्स कार या पैशात येत नाही. येतात त्या दणकट इंजिनाच्या छोट्या गाड्या, ज्यांना 'हॉट हॅच' म्हणतात. त्यातल्या दोन तर आपल्या पुणे जिल्ह्यातच बनल्या.

पहिली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२२ मध्ये भारतात पोलोच बंद झाली.

दुसरी अबार्थ पुंटो, रांजणगावची. २०१५ मध्ये आली तेव्हा शोरूम किंमत १० लाखांच्या आत आणि ताकद १४५ बीएचपी. त्या पैशात एवढी ताकद तेव्हा दुसरी कुठलीच गाडी देत नव्हती. पण तिचा ग्राहक मोजकाच होता. पुढे फियाटनेच भारतात गाड्या विकणं थांबवलं.

वर्षाचा खर्च किती?

महिन्याला ८०० किलोमीटर धरू, म्हणजे बारामती-पुणे साधारण चार फेऱ्या. लिटरला १२ चं ॲव्हरेज आणि १०४ रुपयांचं पेट्रोल धरलं तर महिन्याला ७ हजार, वर्षाला ८३ हजारांच्या आसपास.

विमा: दोन्ही गाड्या १००० ते १५०० सीसी गटात येतात. २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार नुसत्या थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये, वर जीएसटी. फुल इन्शुरन्सला १२-१५ हजार बाजूला ठेवा.

सर्व्हिसिंगला अंदाजे १५ हजार. टायर-बॅटरीचे सरासरी ९ हजार. अचानक येणाऱ्या कामासाठी किमान २५ हजार.

बेरीज दीड लाखाच्या जवळ जाते. म्हणजे साडेतीन वर्षांत गाडीच्या किमतीएवढे पैसे पुन्हा गेलेले असतात.

खरं दुखणं कुठे?

पोलो जीटीत दुखणं म्हणजे तो डीएसजी. त्याचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, गेला तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. चौकातला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी हे काम त्याच्या पान्याचं नाही, त्याला स्कॅनर आणि अनुभव लागतो. गाडी पुण्याला न्यायची तर टोइंगचा खर्च वेगळा.

अबार्थचं इंजिन लिनिया टी-जेटशी नातं सांगतं, बॉडीचे बरेच पार्ट साध्या पुंटोचे चालतात. पण खास अबार्थचे पार्ट शोधत बसावे लागतात. शिवाय गाडी साध्या पुंटोपेक्षा बुटकी. गळीत हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता आणि गावागावातले उंच गतिरोधक आठवून बघा.

तिसरी गोष्ट आपल्याच शेतातली. उसापासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. या दोन्ही गाड्या त्या हिशोबाने बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६-७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे. जुने रबरी पाइप आणि सील तपासत राहावे लागतात ते वेगळंच.

पुढे भाव वाढेल का?

यामाहा आरएक्स १०० चं उदाहरण सगळे देतात. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली आणि आज चांगली ठेवलेली गाडी मूळ किमतीच्या कित्येक पटीने विकली जाते. पण तिच्यामागे एका अख्ख्या पिढीची आठवण आहे. आणि ती गावातला मेकॅनिक उघडून पुन्हा जोडू शकतो.

दुर्मिळ असणं एकटं पुरत नाही. १९९८ च्या सुमारास गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार बनायची. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं १.२ लिटर इंजिन. रस्त्यावर ती क्वचितच दिसते, पण आज किती जणांना तिचं नाव माहीत आहे?

कायद्याने 'व्हिंटेज' व्हायचं तर २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. २०१५ ची अबार्थ त्यात बसायला २०६५ उजाडेल. तोपर्यंत १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी ५ हजार रुपये फी, वर पर्यावरण कर. २० वर्षांनंतर फी १० हजार.

आता पेट्रोल सोडून इतर खर्च धरा, वर्षाला ६४ हजार. पाच वर्षांचे ३ लाख २० हजार. म्हणजे ५ लाखांची गाडी पाच वर्षांनी ८ लाख २० हजारांना विकली, तरी तुम्ही फक्त बरोबरीत सुटता. नफा शून्य.

मग घ्यायचीच नाही का?

घ्या, पण हौस म्हणून घ्या. घेण्याआधी चार गोष्टी बघा.

१. सर्व्हिसचा पूर्ण रेकॉर्ड मागा. नसेल तर किंमत पाडा किंवा सोडून द्या.

२. रिमॅप केलेली, एक्झॉस्ट बदललेली गाडी टाळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतंच, आणि पुढे भाव मिळाला तर तो मूळ स्थितीतल्या गाडीलाच मिळतो.

३. दिल्लीची स्वस्त गाडी दिसली तर एनओसी आणि महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागणारा रोड टॅक्स धरून हिशोब करा. राज्यातलीच घेतली तर एमएच-१२ चा नंबर तोच राहतो, नाव तेवढं बदलतं.

४. दुरुस्तीसाठी दीड लाख वेगळे ठेवा. ते नसतील तर गाडी परवडणारी नाही, असं समजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्यात शून्य टक्के व्याज लागतं. ते पैसे गाडीत घातले आणि मुदत चुकली, तर ही सवलत हातची जाते. आधी सोसायटी भरा. उरले तर टर्बोचा विचार करा.