वारीची वळकटी : पाठीखाली काय घ्यावं?

ज्येष्ठ लागला की आपल्या गटांच्या बैठकीत हिशेबाआधी वारीचा विषय निघतो. कोण जाणार, किती दिवस जाणार, जनावरांचं कोण बघणार, दिंडीची भिशी किती भरायची. चपलांवर बोलणं होतं, रेनकोटवर होतं, गुडघ्याच्या पट्ट्यावर होतं. पण रात्री पाठीखाली काय घालायचं, यावर कुणी बोलत नाही. "असेल ते घ्यायचं" म्हणून विषय संपतो. आज आम्ही त्याच विषयावर बोलणार आहोत.

ज्यांच्या दिंडीला ट्रक आहे, त्यांची वळकटी ट्रकमधून जाते. त्यांनी गोधडी न्या, चटई न्या, काही बिघडत नाही. पण आपल्याकडच्या पुष्कळ जणी लहान दिंडीत चालतात, किंवा चौघी-पाचजणी मिळून मोकळ्याच निघतात. त्यांचं सगळं बिऱ्हाड पाठीवर नाहीतर डोक्यावर. ट्रक असला तरी पावसात तो चिखलात अडकतो, मुक्कामाला रात्री दहा वाजता पोचतो, आणि तोवर दमलेली बाई नुसत्या ओल्या जमिनीवर पदर टाकून आडवी होते. म्हणून निदान पाठीखालचं तरी आपल्याजवळ असावं, असं आमचं मत आहे.

आळंदीहून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. आपलं पाऊल दोन फुटांचं धरलं तर ही चार लाखांच्या वर पावलं होतात. पिशवीत एक किलो जास्त घेतला तर तो प्रत्येक पावलाला उचलायचा. पुणे ते सासवड ही चाल 30 किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातच दिवे घाट. घाटात वजनाचा हिशेब कुणाला सांगावा लागत नाही.

आता घरात काय असतं ते बघू. गोधडी, म्हणजे आपली वाकळ, अडीच-तीन किलोंची सहज भरते. सतरंजी एक ते दोन किलो. घोंगडं त्याच घरातलं, पण त्याचा एक गुण असा की ते ओलसर झालं तरी ऊब देतं. लोकरीचं तेच तर आहे. सुताचं तसं नाही. गोधडी एकदा भिजली की वजन दुप्पट होतं आणि आषाढाच्या हवेत दोन दिवस वाळत नाही. हे आकडे आमच्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. किराणा दुकानातल्या काट्यावर आपली वळकटी ठेवा आणि बघा. आमच्या गटातल्या बायकांनी तसं केलं तेव्हा निम्म्या जणींनी तिथल्या तिथे पिशवीतून काहीतरी बाहेर काढलं.

मग प्रश्न येतो, "गोधडी एवढी जाड, एवढी उबदार, तरी रात्री पाठ गार का पडते?" याचं उत्तर समजलं की बाकीची निवड सोपी होते. गोधडीत ऊब कापडाची नसते, कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेची असते. अंगावर घेतली तर ती हवा तशीच राहते. अंगाखाली घातली तर आपल्या वजनाने थर दबतात, हवा निघून जाते आणि उरतं ते दाबलेलं कापड. जमीन अंगातली ऊब खालून ओढत राहते. ओली जमीन आणखी जोरात ओढते. शाळेच्या व्हरांड्यातली शहाबादी फरशी तर पहाटे तीनला उठवून बसवते. तेव्हा अंगाखाली अशी वस्तू हवी जिच्यातली हवा आपल्या वजनानेही बाहेर पडत नाही.

अशी वस्तू म्हणजे फोमची मॅट. पण फोम दोन जातींचा असतो, आणि इथेच फसायला होतं. एक स्पंजसारखा. त्याची भोकं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून तो पाणी पितो आणि वजन टाकलं की चपटा होतो. गादीच्या दुकानात मऊ मऊ म्हणून दाखवतात तो हाच. घरी बरा, वारीला नको. दुसऱ्या जातीत प्रत्येक बुडबुडा बंद असतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात जो पांढरा, हलका, किंचित कडक फोम येतो, तो या जातीचा. त्याच्यात पाणी शिरत नाही, हवा निघत नाही. गिर्यारोहक पोरं सॅकला बाहेरून जी गुंडाळी बांधतात, तीही याचीच.

दुकानात ओळखायचं कसं? तुकड्यावर पाणी ओता आणि पिळून बघा. पाणी निघालं तर स्पंज. मग अंगठ्याने जोरात दाबा आणि सोडा. खड्डा लगेच भरून आला तर चांगला. तसाच राहिला तर चार मुक्कामांत तो कागद होईल. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या, पैसे आपले आहेत.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दहा मिलिमीटर जाड अशा मॅटचं वजन पाव किलो ते चारशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतं. गोधडीच्या मानाने काहीच नाही. सहा मिलिमीटरची आणखी हलकी, पण ज्या बाईला कुशीवर झोपायची सवय आहे तिच्या कंबरेचं हाड आणि खांदा त्यातून जमिनीला टेकतो. उताणं झोपणारीला पातळ चालते. आपल्यात कुशीवर झोपणाऱ्याच जास्त, त्यातही पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी दहा-बारा मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. रात्रभर कूस बदलत राहिली तर सकाळी पाय उचलत नाहीत, आणि मग पायांना बाम चोळत बसतो. दुखणं पायाचं नसतं, झोपेचं असतं.

वजन आणखी कमी करायचं असेल तर मॅट कापा. हो, नवी मॅट कात्रीने कापा. शरीराचा भार खांदे, पाठ आणि कंबर इथे असतो. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोजलं तर बहुतेक जणींना चार फूट पुरतात. पायाखाली रिकामी पिशवी किंवा दुसऱ्या दिवशीचं लुगडं घालायचं, उशाला कपड्यांचं गाठोडं. वजनाचा तिसरा हिस्सा तिथेच गेला. कापलेला दोन फुटांचा तुकडा फेकू नका. दुपारच्या विसाव्याला बसायला तो उपयोगी पडतो आणि रात्री कंबरेखाली दुहेरी घालता येतो. एकावर एक ठेवलं की दोन्हींची ऊब मिळून लागते.

शहरातल्या ट्रेकिंगच्या दुकानात गेलात तर मॅटवर "आर-व्हॅल्यू" असा आकडा लिहिलेला दिसेल. आकडा जितका मोठा, तितकी ऊब खाली जाण्याला आडकाठी जास्त. हिमालयात बर्फावर झोपणाऱ्यांना पाचच्या वरची मॅट लागते. आपल्या साध्या फोमची दीड-दोनच्या आसपास असते, आणि आषाढातल्या वारीला ती भरपूर झाली. जास्त आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. दुकानदाराने "मॅडम, हे बघा, हे परदेशी आहे" म्हटलं तरी नाही.

एका बाजूला चांदीसारखा चमकता कागद लावलेली मॅट पुष्कळांना आवडते. दिसते छान. पण चमकती बाजू उष्णता परत फेकते ती समोर मोकळी हवा असेल तर. अंग थेट टेकलेलं असताना त्या चमकीचा फारसा फायदा नाही. शिवाय ती रात्रभर चुरचुरते, शेजारणीला झोपू देत नाही, आणि काही दिवसांनी पापुद्रे निघू लागतात. फोम चांगला असेल तर घ्या, चमकीसाठी घेऊ नका.

हवा भरायची गादीही मिळते. घडी करून ती पाण्याच्या बाटलीएवढी होते, मऊ असते, पोरी हौसेने दाखवतात. चांगल्या प्रतीची असेल तर कित्येक हजारांची. स्वस्तातली घेतली तर जड, आणि आत नुसती हवा फिरत राहते म्हणून थंडही लागते. पण खरी अडचण वेगळीच आहे. फलटण सोडून नातेपुते, माळशिरसकडे लागलं की मुक्कामाच्या माळावर बाभळीचे काटे आणि कुसळं. एक काटा पुरे. मध्यरात्री हवा गेली की हातात रिकामी पिशवी उरते. फोमला काटा टोचला तर काही होत नाही, काटा काढून टाकायचा.

योगासनाची रबरी मॅट घरात आहे म्हणून घेऊन जाऊ नका. ती दिसते पातळ पण वजनाने किलोभर असते आणि ऊब फोमपेक्षा कमी देते. प्लॅस्टिकची चटई ओल अडवते, पण मऊपणा नाही आणि ऊबही नाही.

आता पैशाची गोष्ट. घरातून वारीला दोघं निघाले तर नवा रेनकोट त्यांच्यासाठी येतो, आणि बाई म्हणते, "मला काय करायचंय, माझं पोतं आहे की." आम्ही हे प्रत्येक गावात ऐकलं आहे. मैत्रिणींनो, चालायचं दोघांनाही तेवढंच असतं. मुक्कामाला पोचल्यावर पाणी आणणं, भाकरी थापणं हे मात्र एकीच्याच वाट्याला, आणि निजायला तिलाच सगळ्यात कमी वेळ. जी कमी झोपते तिची झोप चांगली व्हायला हवी, हा साधा हिशेब आहे.

खर्च कमी करायचा मार्ग आहे. हा फोम तालुक्याच्या ठिकाणी पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात मोठ्या गुंडाळीतून मीटरवर कापून मिळतो. एकटीने दोन मीटर घेण्यापेक्षा गटातल्या दहाजणींनी मिळून घेतला तर भाव पाडता येतो. फक्त घट्ट, दाट बुडबुड्यांचा बघून घ्या. काच गुंडाळायचा पातळ फोम झोपायच्या कामाचा नाही. दहा मिलिमीटरचा नसेल तर पाच मिलिमीटरचे दोन थर चालतात.

फोमवर थेट अंग टेकलं की घाम येतो, कातडी चिकटते. त्यासाठी जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवा, एका बाजूने उघडी. तिलाच दोन बंद लावले की गुंडाळी बांधायचीही सोय होते. खोळ धुता येते, मॅट नुसती पुसायची. ज्या गटांकडे शिलाई मशीन आहे त्यांनी अशा खोळी ज्येष्ठाच्या आधी शिवून ठेवल्या तर गिऱ्हाईक गावातच मिळेल.

मॅटखाली प्लॅस्टिकचा कागद घालायचा, मॅटला चिखल लागू नये म्हणून. युरियाच्या गोण्या उसवून जोडल्या तरी चालतात, पण त्या दोन-तीनदा स्वच्छ धुतलेल्या हव्यात. तागाचं बारदान नको, ते ओल शोषतं. आणि एक गोष्ट नीट ऐका. उघड्यावर किंवा कडेला मोकळ्या राहुटीत झोपत असाल तर हा कागद मॅटपेक्षा चार बोटं लहान ठेवा, किंवा कडा आत दुमडा. कागद बाहेर राहिला तर त्यावर पावसाचं पाणी साचतं आणि सरळ आपल्या अंगाखाली येतं. बायका म्हणतात जमिनीतून पाणी वर आलं. ते कागदानेच आणलेलं असतं.

जागा बघताना थोडी उंचवट्याची बघा, काळ्या रानात तर नक्कीच. हात फिरवून खडे काढा. ओढ्याकाठ आणि दगडांचे ढीग टाळा. मॅट विंचू-काट्याला अडवत नाही, म्हणून गुंडाळताना आणि उलगडताना झटकायची सवय ठेवा.

फोम पेट घेतो. चुलीजवळ, शेगडीजवळ, उदबत्ती लावलेल्या कोपऱ्यात तो अंथरू नका. बैठकीला पाट नाही म्हणून स्वयंपाकाच्या ठिकाणी मॅट टाकून बसतात, ते तर करूच नका. ट्रकच्या तापलेल्या टपावर उन्हात दिवसभर राहिला तर फोम आक्रसतो, तेव्हा बांधायचा तर सावलीच्या बाजूला बांधा.

परत आल्यावर मॅट पुसून, सावलीत वाळवून, सैल गुंडाळी करून माळ्यावर ठेवा. वर धान्याचं पोतं ठेवू नका, दबलेला फोम पुन्हा फुगत नाही. पुढच्या वर्षी काढल्यावर बोटाने जाडी बघा. निम्मी झाली असेल तर ती बसायला ठेवा, झोपायला नवी घ्या.

ज्या गटांना मिळून फोम आणायचा आहे त्यांनी येत्या बैठकीत मोजमाप घ्या. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत किती फूट, कुशीवर झोपणार की उताणी, एवढं प्रत्येकीच्या नावापुढे वहीत लिहा. नातीची शाळेची पट्टी असेल तर तीही चालेल.