दाढेतलं फिलिंग हललं? डॉक्टर भेटेपर्यंत एवढंच करा

रविवारी रात्री टेमघरला घरी चिक्की खाताना माझ्या दाढेतलं फिलिंग हललं. दवाखाना सोमवारी उघडणार. मित्र म्हणाला, "फेविक्विक लाव ना!" अजिबात नको. त्याने हिरडी भाजते, आणि नंतर डॉक्टरांना ते काढणं अवघड जातं.

कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरली, तसा सुटलेला तुकडा हातात आला. तो डबीत ठेवला, झोपेत गिळला गेला असता. मेडिकलमध्ये झिंक ऑक्साइडचं तात्पुरतं सिमेंट मिळालं, तर खड्डा कापसाने कोरडा करून थोडंसं भरायचं, दात हलकेच मिटायचे, जादाचं पुसायचं. मला नाही मिळालं. मग कापसावर लवंगतेलाचा एकच थेंब, कारण जास्त लावलं तर तेही भाजतं. लवंगेतल्या युजेनॉलने ठणका थांबतो, कीड नाही! तिथेच लोक फसतात: दुखणं गेलं की डॉक्टर राहून जातो, आणि आतली कीड नसेपर्यंत पोचते.

जेवण दुसऱ्या बाजूने. गालाला सूज किंवा ताप आला तर सोमवारचीही वाट बघू नका. खाजगी परवडत नसेल, तर कल्याणहून लोकल पकडा. सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जा.