फोटोतला दोष काढा, वस्तूतला लपवू नका



आपल्या बचत गटाच्या पापडांना, गोधड्यांना, खणाच्या पर्सना आता फक्त बाजारात आणि जत्रेत गिऱ्हाईक मिळत नाही, व्हॉट्सॲपवरही मिळतं. पण तिथे कापड बोटांनी चाचपून बघता येत नाही, मसाल्याचा वास घेता येत नाही. गिऱ्हाइकापुढे असतो फक्त फोटो. म्हणून तो नीटनेटका करायला शिकायचं. त्यालाच म्हणतात फोटो एडिटिंग. त्यासाठी संगणक लागत नाही. फोनच्या गॅलरीत फोटो उघडला की 'एडिट' असा पर्याय दिसतो, तेवढा सुरुवातीला पुरतो. गूगलचं 'स्नॅपसीड' हे ॲपही फुकट मिळतं. रेडिओवरून मी फोटो दाखवू शकत नाही, तेव्हा फोन हातात घेऊनच ऐका.

आधी बघू, फोटो बिघडतो का. पिवळ्या बल्बखाली पांढरा पापड आपल्याला पांढराच दिसतो, कारण डोळे आणि मेंदू मिळून उजेडाचा पिवळेपणा वजा करतात. कॅमेऱ्याला ते दर वेळी जमत नाही, म्हणून फोटोत पापड पिवळट येतो. दुसरी गोष्ट, कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं धरून चालतो. पांढऱ्या कापडावर पांढरे पापड मांडले की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळपट करतो. म्हणजे दोष पापडाचा नाही, फोटोचा आहे. तो काढायचा.

निम्मं काम फोटो काढतानाच होतं. कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसा. वस्तू खिडकीजवळ किंवा दाराशी ठेवा, पण कडक उन्हात नको. घरातला दिवा बंद करा, नाहीतर दोन उजेड मिसळून एक बाजू पिवळी, एक निळसर येते. एका कडेला कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. तो कशाला, ते पुढे सांगते.

आता एडिटिंग. फोनमध्ये रात्रीसाठी पडदा पिवळा करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा आणि पडद्याचा उजेड मध्यम ठेवा. नाहीतर आपण फोटो नाही, पडदाच दुरुस्त करत बसू. मूळ फोटो तसाच ठेवा आणि बदल केलेली प्रत वेगळी सेव्ह करा.

पहिली पायरी उजेडाची. 'ब्राइटनेस'वर बोट हळूहळू सरकवा. पापडावरचे जिऱ्याचे दाणे, गोधडीचे टाके स्पष्ट दिसले की थांबा. पांढरा भाग नुसता कोरा दिसायला लागला तर जास्त झालं, थोडं मागे या.

दुसरी पायरी रंगाची. यासाठी 'व्हाइट बॅलन्स', 'टेंपरेचर' किंवा 'वॉर्म्थ' असं नाव दिसेल. एका बाजूला सरकवलं की फोटो पिवळा होतो, दुसऱ्या बाजूला निळा. आता तो कोरा कागद बघा. कागद पांढरा दिसेपर्यंत सरकवा. कागद पांढरा झाला की शेजारच्या वस्तूचा रंगही बराचसा खऱ्यावर येतो.

तिसरी पायरी 'क्रॉप', म्हणजे कापणं. मागची दोरीवरची कपडे, कडेच्या चपला आणि आपला तो कागदाचा तुकडा कापून टाका. तिरका आलेला फोटो सरळ करा. पण वस्तूभोवती थोडी जागा सोडा. ब्लाउज बेतताना शिवणीसाठी कापड सोडतोच ना, तसं.

इथे थांबायचं. पुढे 'सॅच्युरेशन' आहे, रंग भडक करणारं. तिथे हात आवरा. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की खण हलवताना रंग बदलल्यासारखा वाटतो. तो भडक केला तर ती झाक मरते आणि मरून खण लालभडक दिसतो. लांबच्या गावची बाई तो फोटो बघून साडीला जुळणारी पर्स मागवते. पार्सल उघडते, तर रंग वेगळा! पर्स परत येते, जाण्यायेण्याचा खर्च अंगावर पडतो आणि ती पुन्हा ऑर्डर देत नाही. एकीच्या पर्सपायी गटातल्या साऱ्यांच्या मालावर संशय येतो.

फोटोतला डाग पुसायचीही सोय असते. कापडावर उडून बसलेला कचरा पुसा, हरकत नाही. पण गोधडीचा उसवलेला टाका किंवा पर्सवरचा डाग फोटोतून पुसला तर ती फसवणूक झाली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा गेला की कोणत्याही ॲपने परत येत नाही.

फोटो पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या. वस्तू दारातल्या उजेडात धरा आणि शेजारी फोन धरा. दोन्ही सारखं दिसलं तर फोटो तयार. व्हॉट्सॲपवर 'एचडी' निवडून पाठवा, म्हणजे बारकावे कमी पुसट होतात. खाली लांबी-रुंदी, वजन आणि किंमत लिहा, कारण मोठं-लहान फोटोत कळत नाही.

आज घरातली एकच वस्तू घ्या, एकच फोटो काढा आणि या तीन पायऱ्या करून बघा. मग तो शेजारणीला दाखवा आणि वस्तूही तिच्या हातात द्या. "अगंबाई, अगदी तशीच आहे की!" असं ती म्हणाली, तर तुम्हाला एडिटिंग आलं.