मूल वाचतंय की पाठ म्हणतंय?

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. तिथे तिसरीतल्या एका मुलीने पुस्तकातला धडा आम्हाला घडाघडा म्हणून दाखवला. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी ओळ! मधलंच एक वाक्य वाचायला सांगितलं, तर ती गप्प. प्रगतिपुस्तकात भाषेची श्रेणी चांगली होती. पोरगी हुशार होतीच, अख्खा धडा ऐकून पाठ करणं सोपं नाही. पण तिला वाचता येत नव्हतं आणि हे दोन वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

लक्षात येणार कसं? वर्गात मुलं एका सुरात वाचतात आणि लेखी चाचणीत बघून उतरवता येतं. वाचन तपासायचं तर मुलाला एकट्याला जवळ बसवून, त्याने आधी न पाहिलेला मजकूर वाचायला द्यावा लागतो.

ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होणारं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून हेच करतं. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या चार सोप्या वाक्यांपासून होते. ती जमली तर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, नाही जमली तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की मूल 'शब्द' पातळीवर. म्हणजे पास-नापास नाही, मूल कुठल्या पायरीवर उभं आहे एवढंच कळतं. तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी देशभरात २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७.१ टक्के. सुधारणा आहे, पण चारातली जवळपास तीन मुलं अजून मागेच आहेत.

ही तपासणी आई-वडील घरीही करू शकतात. स्वतःला वाचता येत नसेल तर मोठ्या भावंडाला बसवावं. चुका मोजण्यापेक्षा चूक कुठे होते ते पाहावं. मूल 'घ' आणि 'ध' यांत गोंधळतंय का? काना-मात्रा सोडून देतंय का? 'सूर्य', 'चंद्र' असे जोडाक्षरांचे शब्द आले की अडखळतंय का? प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. 'वाचन कच्चे' असा शेरा मारून यातलं काहीच कळत नाही.

एका गोष्टीबद्दल आम्हाला जरा जोर देऊन सांगायचं आहे. मुलाने 'पाणी'चं 'पानी' वाचलं तर ती वाचनातली चूक नाही. त्याने अक्षरं ओळखली, शब्द ओळखला, अर्थ कळला आणि तो आपल्या घरच्या बोलीत उच्चारला. तपासणाऱ्याने तिथे फुली मारली, तर ती त्याच्या वाचनावर नाही, त्याच्या घरावर मारलेली असते. आपल्या अनेक मुलांची बोलती वर्गात अशीच बंद होते. प्रमाण उच्चार पुढे शिकवता येतो, त्याची वाचनाशी गल्लत नको.

वेगाचंही तसंच. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, वाचण्याचं उद्दिष्ट आहे. यातलं 'समजून' विसरून नुसतं घड्याळ लावलं तर मुलं पळत सुटतात. म्हणून वाचून झालं की पुस्तक मिटून विचारावं, "काय झालं रे गोष्टीत?" त्याच्या शब्दांत आलं की पुरे.

त्या मुलीला आम्ही धड्यावरून काढून अक्षरांवर आणलं. आधी रुसली. तीन महिन्यांनी ती दुकानाच्या पाट्या वाचू लागली.

शाळेकडे मागायचं ते एवढंच: वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाचं एकट्याने वाचन ऐका, पायरी लिहून ठेवा आणि मागे असलेल्यांना रोज काय देणार ते पालकांना सांगा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीला जाताना हा विषय लेखी द्या, म्हणजे तो इतिवृत्तात येईल.