आवाजाचा माग छातीपर्यंत

सकाळी 9
ओपीडी सुरू. घसा बसलेल्यांची रांग रोजचीच: शाळेतल्या बाई, भाजीवाले, सर्दीतून उठलेली मुलं. बहुतेकांचं कारण घशातच सापडतं. माझा पहिला प्रश्न ठरलेला, "किती दिवस झाले?" तीन-चार आठवडे उलटले असतील, तर स्वरयंत्र पाहिल्याशिवाय मी औषध लिहीत नाही.

10:30
पन्नाशीच्या एक मावशी. "ज्येष्ठमध चघळलं, गुळण्या केल्या. दोन महिने झाले, आवाज काही उघडत नाही." नाकातून दुर्बीण घातली, 'ई' म्हणायला सांगितलं. उजवा स्वरतंतू हलला, डावा जागीच राहिला. गाठ नाही, सूज नाही.

11:30
शिकाऊ डॉक्टरांना फळ्यावर नस काढून दाखवते. डावा स्वरतंतू हलवणारी नस आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि परत घशाकडे चढते. उजवी वरच्या वरच वळते. म्हणून छातीतल्या दुखण्याची झळ डावीला जास्त. कमान फुगली, फुप्फुसधमनी ताणली किंवा फुप्फुसात गाठ झाली, की ती दबते.

12:15
मावशींना पुन्हा बोलतं केलं. जिना चढताना दम लागतो, रात्री दोन उशा लागतात. लहानपणी तापात सांधे सुजले होते. मी त्यांना स्वतः हृदयरोग विभागात नेलं.

दुपारी 2
इको झाला. माइट्रल झडप अरुंद, डावा वरचा कप्पा फुगलेला, फुप्फुसधमनीत दाब वाढलेला. 1897 मध्ये व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी अरुंद झडप आणि बसलेला आवाज यांचं हेच नातं मांडलं. फुगलेला कप्पा नस दाबतो, असं त्यांचं मत. पुढच्या अभ्यासकांना ती नस फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांच्यात चिमटते असं दिसलं. दुसरं कारण सुटू नये म्हणून सीटी स्कॅनही लिहिला.

4
मावशींचा मुलगा विचारतो, "घशाला आणि हृदयाला काय संबंध, मॅडम?" बालपणी घशाला झालेल्या जंतुसंसर्गानंतर सांधेताप आला, त्याने झडप आखडली, असं समजावते. योग्य रुग्णात ती फुग्याने रुंद करता येते. आवाज परत येईल का? नस किती काळ दबली, यावर ते ठरतं. खात्री देता येत नाही. मात्र उपचाराला उशीर होऊ द्यायचा नाही.

5:30
वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना निघताना दोन गोष्टी बजावते. रक्तदाब असलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा डावा स्वरतंतू थांबला, तर महाधमनीही तपासा. आणि छातीत किंवा पाठीत अचानक कळ येऊन आवाज बसला, तर ओपीडीची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्या.